तीन ते साडेतीन

आमच्या बडोद्याच्या चर्चच्या मंडळीत साखळी प्रार्थना असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणी फार आजारी असलं, कुणाचं ऑपरेशन असलं, की आम्ही बायका सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंतचे अर्धे-अर्धे तास वाटून घेतो. जिची वेळ, तिने आपापल्या घरी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचं आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायची. अर्धा तास झाला की यादीतल्या पुढच्या बहिणीला फोन करून सांगायचं, "माझं झालं, आता तुमचं." तिने "बसले" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मध्ये एका मिनिटाचीही फट पडू द्यायची नाही, म्हणून साखळी.

हे फोनचे नियम मीच केलेले. यादीही मीच करते आणि बायकांच्या ग्रुपवर टाकते. गेल्या वर्षी आमच्यातली एक जण बोलता बोलता सांगून गेली की तिने तिचा अर्धा तास मटार सोलता सोलता केला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं, प्रभूला काय शेंगा मोजायला बोलावलं होतंस?" सगळ्या हसल्या. तीही हसली. पुढच्या यादीला मात्र तिने नाव दिलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तर, माझी धाकटी जाऊ. ती शहराच्या टोकाला छाणीला राहते, आम्ही जुन्या शहरात, वाडी भागात. चाळीस वर्षं आम्ही जावा-जावा आहोत. ती मला ताई म्हणते, अहो-जाहो करते आणि माझ्या वरणात मीठ कमी असतं असं चाळीस वर्षं सांगते. यंदा ईस्टरआधीचा उपासकाळ लागला त्याच सुमाराला तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उघडून बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दीर तर नुसते बसूनच राहिले. मी लगेच साखळी लावली. तीन ते साडेतीन मी माझ्याकडे ठेवली, कारण तिला तीनच्या सुमाराला आत नेणार होते आणि घरातली मोठी मी.

आदल्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, तुमची वेळ कुठली?"

"तीन ते साडेतीन."

"तेव्हाच नेणारेत मला."

"म्हणून तर घेतली."

 मग म्हणाली, "मग मी घाबरत नाही." आणि फोन ठेवला.

आता त्या दिवसाचं सांगते. ऊन मी म्हणत होतं. सकाळीच मी गच्चीवर जुनं लुगडं पसरून त्यावर बटाट्याची कातरी वाळत घातली होती. बटाट्याचे काप उकडून वाळवायचे आणि वर्षभर तळून खायचे, हे मी शेजारच्या गुजराती बेनकडून शिकले. पाच किलोची होती. आमचे हे जेवून आडवे झाले होते. बरोबर तीनला माझ्या आधीच्या बहिणीचा फोन आला, "माझं झालं, आता तुमचं." मी म्हटलं, "बसले." म्हटलं तेव्हा उभीच होते. ओट्यापाशी, हातात फडकं. पण ते काही एवढं नाही. फोन ठेवला, हात धुतले, खुर्चीत बसले, शास्त्र मांडीवर घेतलं. चष्मा पुसला. "हे प्रभू," एवढं म्हटलं असेन.

आणि वरून बेन ओरडली, "बेन! जल्दी आवो, वांदरा आव्या, वांदरा!"

मी काय करायला हवं होतं ते मला कुणी सांगू नका. मला ठाऊक आहे. पण पाय त्याआधीच जिन्यात होते. वर जाऊन बघते तर तीन वानरं. दोन कठड्यावर आणि एक लुगड्याच्या मधोमध, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं ऐसपैस बसून दोन्ही हातांनी खातंय. मी काठी आपटली, ते दात विचकतंय. बेनने पलीकडून बादली वाजवली. शेवटी गेली एकदाची, जाताना लुगड्याचं टोक ओढून निम्मी कातरी उधळून गेली. ती वेचायला बसले. बेन कठड्याला टेकून सांगायला लागली, परवा त्यांच्या पापडांचं काय झालं, तिच्या सुनेने काय केलं. मी "हं, हं" करत वेचत होते. खोटं कशाला बोलू, ऐकत पण होते.

खाली आले तेव्हा फोन वाजत होता. डभोईच्या निवृत्त शिक्षिकाबाई, यादीत माझ्यानंतरच्या.

"अहो, तुमचा फोन नाही आला म्हणून मीच केला. तीन बत्तीस झालेत. झालं ना तुमचं?"

माझ्या हाताला बटाट्याचा चुरा लागलेला. मी म्हटलं, "झालं. आता तुमचं."

"बसले," त्या म्हणाल्या. आणि त्या खरंच बसल्या असणार, तशाच आहेत त्या.

मनात म्हटलं, आपण आत्ता बसू, कोण बघतंय घड्याळ. पण तेवढ्यात हे उठले, चहा झाला, मग दूधवाला. साडेपाचला दिरांचा फोन आला. रडत होते, आधी शब्दच कळेनात. मग कळलं, ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले गाठ साधी दिसतेय. ह्यांना ऐकू कमी येतं, ओरडून सांगितलं. हे हात जोडून उभे राहिले. मीही जोडले. पण मला कळेना, आता मागायचं काय? जे झालंच, त्यासाठी पाठीमागून कशी प्रार्थना करायची?

दोन दिवसांनी दवाखान्यात तिला भेटायला गेले. नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले, पण मला बघून हसली. म्हणाली, "ताई, आत नेताना समोर भिंतीवर घड्याळ होतं. तीन वाजून दहा. मी मनाशी म्हटलं, आत्ता ताई बसल्यात. बस, मग डोळे मिटले."

मी तिच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

तेव्हापासून माझं बिनसलं. आमच्याकडे रोज सकाळी चहाआधी हे एक अध्याय मोठ्याने वाचतात आणि मी ऐकते. लग्न झाल्यापासूनची रीत. माझी शाळा गुजराती, मराठी वाचायला मी ह्या ऐकण्यातूनच शिकले. ह्यांच्या बोटाखालची ओळ बघून बघून. वाचन एक दिवस कधी चुकलं नाही. आता मात्र मला बसवेना. ते दोन ओव्या वाचतात न वाचतात तोच मला वाटायचं, गॅस चालू राहिला. उठून बघायचं, बंदच. परत बसायचं, मग दाराची कडी. उपासकाळात वाचन पुढे सरकत सरकत त्या बागेपर्यंत आलं, जिथे प्रभू एकटे प्रार्थना करतात आणि शिष्यांना नुसतं जागं राहा म्हणून सांगितलेलं असतं, तरी ते झोपतात. मी उठलेच.

ह्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू ऐकतेस की हजेरी लावतेस?"

"नळ वाहतोय."

"नळाला पाणी सातला येतं. आत्ता सव्वासहा झालेत."

मी तरी नळ बघून आले. शिष्य निदान झोपले तरी होते, थकले होते. मी तर टक्क जागी होते. जागी राहून वानरं हाकलत होते.

एकटी बसले की तर आणखीच. डोळे मिटले की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. "हे प्रभू" म्हटलं की पुढचा शब्द यायच्या आधी कान वर, गच्चीकडे. एकदा खरंच वर जाऊन आले. गच्ची रिकामी, कातरी केव्हाच डब्यात भरलेली.

उत्तम शुक्रवारच्या आधी प्रभुभोजन होतं. आमच्यात रांगेने पुढे जाऊन गुडघे टेकून घ्यायचं असतं, आणि त्याआधी ज्याने त्याने आपलं मन तपासायचं. मी तपासलं आणि जागेवरच बसून राहिले. शेजारणीने कोपर मारलं. मी गुडघ्याला हात लावून दाखवला, दुखतोय म्हणून. बघा, खोट्याला किती पटकन जागा सापडते. आणि काय झालं, पाळकसाहेबांनी वरून बघितलं. सगळ्यांचं झाल्यावर ते स्वतः भाकर आणि प्याला घेऊन माझ्या बाकापाशी आले. म्हातारीचे गुडघे दुखतात म्हणून. सगळं देऊळ, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, बघतंय. काय करणार, घेतलं. ती एवढीशी भाकर, जिभेवर विरघळते, पण मला घशाखाली ढकलायला लागली.

ईस्टर झाला. जाऊ आता घरात हिंडू-फिरू लागली होती. तिचा फोन. "ताई, शनिवारी पाचला घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवलीय. साखळीतल्या सगळ्या बहिणींना बोलावलंय. डभोईच्या बाईपण येणारेत. स्तोत्र तुम्ही वाचा, ते डोंगरांकडे बघण्याचं, आपल्याला राखणारा डुलकी घेत नाही ते. आणि साखळीची साक्ष पण तुम्हीच द्यायची, कसं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं."

"दुसऱ्या कुणाला सांग ना. माझा घसा बसलाय."

"तुमचा घसा?" ती हसली. "तो बसला तर बडोद्यात सुट्टी जाहीर होईल."

शनिवारी मी चारच्याही आधी रिक्षा करून छाणीला पोचले. रस्ताभर पिशवीतलं शास्त्र वर काढत होते, आत ठेवत होते. रिक्षावाला आरशातून दोनदा बघून म्हणाला, "बा, कंई पडी गयुं?" काही पडलं नव्हतं.

दीर खुर्च्या आणायला गेले होते. जाऊ स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पुरीचं पीठ मळत होती. मी म्हटलं, "अगं टाके अजून ओले, सोड ते." परात ओढून घेतली आणि मळायला लागले. मळता मळता, तिच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. बसले म्हटलं तेव्हा उभी होते इथपासून, डभोईच्या बाईंना झालं म्हटलं इथपर्यंत.

ती पहिल्यांदा बोलली ती हे, "वांदरं?"

"हो."

"किती?"

"तीन."

तिला हसू फुटलं. पोटावर हात दाबून हसायला लागली, "ताई, हसवू नका, टाके ओढतात," आणि हसता हसताच तिचं तोंड बदललं. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं टाके दुखले. ती म्हणाली, "मी घड्याळ बघत होते हो, ताई. मग मी कुणाच्या भरवशावर गेले आत?"

ह्याला चांगली उत्तरं आहेत. पाळकसाहेबांनी लगेच दिलं असतं. डभोईच्या बाईंनीही दिलं असतं. मलाही येत होतं, सगळं आयुष्य वचनं ऐकण्यात गेलंय. पण मी ते बोलायला लायक नव्हते. मी नुसती पीठ मळत राहिले. गोळा दगडासारखा घट्ट झाला तरी मळत राहिले.

तिने माझ्या हातातली परात बाजूला सरकवली. पदराने डोळे पुसले. बाहेरच्या खोलीत गेली आणि भिंतीवरचं घड्याळ काढून आणून ओट्यावर ठेवलं. सव्वाचार झाले होते.

"बसा."

"आत्ता? बायका येतील. पुऱ्या कोण तळणार?"

"पुऱ्या राहू देत. तुम्ही बसा, ताई. मी आहे इथे समोर. माझ्यासाठीच आहे ना प्रार्थना, मला बघू तरी द्या कशी असते."

मी हात धुतले. बसले. ह्या वेळी खरंच बसले, तिच्या स्टुलासमोर पाटावर, गुडघे कुरकुरत. डोळे मिटले. काय सांगू, तो अर्धा तास काही सोपा नव्हता. आधी पिठाचीच काळजी, वाळून जाईल. मग कान दाराकडे. एकदा हळूच डोळा उघडला तर ती माझ्याकडेच बघत होती. मी पटकन मिटला. मागायला काहीच नव्हतं, ती समोर जिवंत बसली होती. म्हणून मी त्या दिवशीची तीन वाजून दहा मिनिटं झालेली डोळ्यांपुढे आणली. ते घड्याळ. हिचे सुकलेले ओठ. तिथे हिच्याजवळ जाऊन उभी राहिले. उशिराने का होईना. मग कुठे शब्द आले, थोडे, अडखळत.

बेल वाजली. मी डोळे उघडले.

"वाजू द्या," ती म्हणाली. तिचेही डोळे आता मिटलेले होते. "अजून सात मिनिटं आहेत."

दोनदा, तीनदा वाजली. बाहेर चपलांचा आवाज, कुणीतरी "झोपल्या की काय?" म्हणालं. आम्ही दोघी हललो नाही. पावणेपाचला तिने घड्याळ उचललं, मला हात देऊन उठवलं आणि दार उघडायला जाता जाता म्हणाली, "साक्ष तुम्हीच द्यायची. वांदरांसकट. नाहीतर मी सांगेन."

पुऱ्या सगळ्यांनी मिळून तळल्या. वीसएक बायका दाटीवाटीने बसल्या. गेल्या वर्षीची ती मटारवालीही आली होती, जाऊने तिला वेगळा फोन करून बोलावलं होतं. मी स्तोत्र वाचलं. राखणारा झोपत नाही त्या ओळीला आवाज फाटला, पण वाचलं. मग पुस्तक मिटून उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डभोईच्या बाईंकडे बघून म्हटलं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. त्यांनी नुसती मान हलवली.  मला खाली कसं बसावं ते सुचेना.

तेव्हा मागून, दारापाशी बसलेल्या मटारवालीचा आवाज आला. अगदी साळसूद. "ताई, कातरी तरी वाचली का?"

सगळ्या खो-खो हसल्या. जाऊ पोट धरून हसली. मीही हसले, हसायलाच लागतं सगळ्यांबरोबर. हसताना गाल कसे ओढले जातात आणि डोळे कुठे ठेवायचे ते कळत नाही, हे मला तेव्हा समजलं. मटारवालीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि ती हसत नव्हती.