बिनकावळ्याचं बेट

माझ्या धाकट्या भावाने सुट्टीचं सभासदत्व घेतलं तेव्हा त्याला वाटलं, आपण समुद्रच विकत घेतला. प्रत्यक्षात त्याने घेतला होता वर्षातला एक आठवडा, आणि तोही त्याच्या मनातला नव्हे, कंपनीच्या मनातला. दिवाळी मागितली की दिवाळी भरलेली. मे महिना मागितला की तो वरच्या रंगाच्या कार्डवाल्यांचा. अशी टोलवाटोलवी चालली असताना एक दिवस भाद्रपदातला आठवडा अगदी मोकळा मिळाला. हवी ती खोली, हवा तो मजला, समुद्राकडे तोंड. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलली म्हणे, की याने लगेच हो म्हणून टाकलं आणि मला कळवलं, "ताई, अख्खं रिसॉर्ट खाली आहे. एकदम व्हीआयपीसारखं राहू."

अख्खं रिसॉर्ट रिकामं का, हा प्रश्न त्याला पडला नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पितृपंधरवडा होता. आपल्याकडे त्या दिवसांत माणूस नवी चप्पलसुद्धा घेत नाही, आणि आमचे शहाणे सहकुटुंब बेटावर निघाले होते. त्यावर कडी म्हणजे अविधवा नवमी त्याच आठवड्यात येत होती. आमची आई बाबांच्या आधी, कपाळावर कुंकू घेऊन गेली; तिचं पान त्या दिवशी ठेवायचं. वर्षश्राद्ध आटोपलं होतं, त्यामुळे पितरांतलं हे तिचं पहिलंच पान.

मी हे सांगितलं तर भाऊ म्हणाला, "मग काय झालं? तिथे किचन आहे. तिकडेच करू. आईला पण चेंज."

मेलेल्या माणसाला हवापालट लागतो, हे ज्ञान मला असं मिळालं.

मी गेले ती बाबांसाठी. आम्ही खाडीकाठचे. बाबांचं तरुणपण मिठागरात गेलं, भावाचं डंपरांच्या धंद्यात. त्याने पनवेलच्या बाजूला टॉवरमध्ये घर घेतलं, आणि बाबा गावातल्या घरी एकटे राहिले. त्या घरावर एका बिल्डरचा डोळा होता आणि बिल्डरवर भावाचा. बाबांनी हो म्हणावं, घर विकावं आणि टॉवरमध्ये राहायला यावं, एवढ्यासाठी हा बेटाचा घाट होता. घर विकायला निघालेल्या माणसाच्या तोंडी बापाची काळजी फार शोभते.

आई जाताना एवढंच म्हणाली होती, "ह्यांना जपा." जपा म्हणजे काय करा, ते तिने सांगितलं नाही. भावाने त्याचा अर्थ टॉवर असा काढला. मी काढला तो असा, की यांना या घरातून हलवू नका. माझा स्वार्थ होता, नाही कशाला म्हणू? ते घर गेलं की मला माहेर उरत नव्हतं. भावाच्या घरी जायचं तर आधी फोन करावा लागतो, खाली वहीत नाव लिहावं लागतं. त्याला माहेर म्हणत नाहीत.

बेट म्हणजे खाडीकाठचं खाजण. तीन बाजूंनी चिखल, आणि चौथ्या बाजूला रिसॉर्टवाल्यांनी मशीन लावून खणलेला चर. चरावर लाकडी पूल, पुलावर फुलाफुलांचे शर्ट घातलेले लोक, हातात प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा. "अलोहा!" ते ओरडले. बाबांनी टोपी सावरून माळ घालून घेतली आणि हात जोडून "रामराम" म्हणाले.

आत शोभेचे ताड लावले होते, परदेशी जातीचे. माड का नाही, तर नारळ पाहुण्यांच्या डोक्यात पडतो. किहीमपासून हरिहरेश्वरापर्यंत माडाखाली माणसं जन्मली, वाढली, म्हातारी होऊन मेली. कपाळमोक्ष फक्त यांच्याच पाहुण्यांचा व्हायचा होता. समुद्र भाद्रपदात असतो तसा गढूळ होता. निळं पाणी हवं असेल तर ते तलावात होतं, औषध घातलेलं. बाबा बाल्कनीतून खाली चिखलाकडे बघत राहिले. म्हणाले, "हितं आमी निवट्या धराचो गो." निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, त्यांचं कालवण झकास होतं. भावजयीने नाक मुरडलं आणि दरवाजा लावून एसी वाढवला.

पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये भावाने सुरुवात केली. ताटात सोलकढी होती, खोकल्याच्या औषधाच्या रंगाची.

"बाबा, आमच्या टॉवरमध्ये पण असंच आहे. लिफ्ट, गार्डन, स्विमिंग पूल. तुम्ही तिकडे एकटे काय करता?"

"बघू," बाबा म्हणाले.

"ते एकटे नाहीत. मी दर रविवारी जाते," मी म्हणाले.

"ताई, तू टेन्शन नको घेऊ."

ज्याला उत्तर देता येत नाही तो समोरच्याला टेन्शन घेऊ नको म्हणतो. मी सोलकढीची वाटी बाजूला सारली. जेवण बेचव होतं. बाबा मात्र आमच्या दोघांच्या मध्ये बसून शांतपणे घास चावत होते, जणू आम्ही कुणा तिसऱ्याच म्हाताऱ्याबद्दल बोलत होतो.

नवमीला सकाळी मी पदर खोचला. किचन म्हणजे एक विजेची शेगडी, एक तवा, एक काचेची फुलदाणी. बाकी सगळं मी घरून आणलं होतं: कढई, वड्याचं पीठ, अळू, भोपळा, तांदूळ, केळीचं पान. भावजयीला वडे बरे थापता येतात हे मला त्या दिवशी समजलं. तेवढं एक तिच्या बाजूने सांगते. पहिला घाणा तेलात पडला आणि छतातून किंकाळी फुटली. धुराचा भोंगा. मॅनेजर पळत आला, मागे लाल नळकांडं घेतलेला माणूस.

"मॅडम, फ्राइंग अलाउड नाही. आधी सांगितलं असतं तर आमच्या शेफने फ्युजन वडे करून दिले असते."

"आमची आई फ्युजन खात नव्हती," मी म्हणाले, आणि उरलेले वडे काढले.

पान वाढलं. वरणभात, वडे, खीर, अळूचं फदफदं, भोपळ्याची भाजी. बाबांनी खिशातून डबी काढली आणि चिमूटभर मशेरी पानाच्या कडेला ठेवली. आई सकाळी उठली की आधी मशेरी लावायची, मग जगाकडे बघायची. पान बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून आम्ही मागे सरलो. बाबा म्हणाले, "कावला शिवल्याबिगर मी जेवाचा न्हाय." बाबांना साखरेचा आजार. वेळेवर खाल्लं नाही तर हात थरथरायला लागतात.

कावळा आला नाही. एकही नाही. रायगडच्या किनाऱ्यावर, दिवसाढवळ्या, भाताचं पान उघडं पडलेलं आणि कावळा नाही! थोड्या थोड्या वेळाने घार ओरडत होती, पण आभाळात घारही नव्हती. शेवटी भावाने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने अभिमानाने ताडाच्या बुंध्याशी लपवलेली हिरवी पेटी दाखवली. स्पीकर होता.

"सर, घारीचा आवाज लावला की कावळे येतच नाहीत. गॅरंटी. आमचे गेस्ट बाहेर बसून ब्रेकफास्ट करतात ना."

पितृपंधरवड्यात बिनकावळ्याची गॅरंटी देणारा हा हिंदू माणूस होता, हातात लाल गंडा बांधलेला. भावाने त्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम सर." घार बंद झाली. त्याने मोबाईलवर काहीतरी शोधलं, आणि त्याच हिरव्या पेटीतून कावळा ओरडायला लागला. काव, काव, काव. मध्येच एक जाहिरात लागली, मग पुन्हा काव.

बाबा टोपी मांडीवर ठेवून त्या पेटीकडे बघत राहिले. "वरडतो बरा," ते म्हणाले. "पन ह्यो जेवंल कसा?"

ऊन चढलं. खिरीवर साय धरली. बाबांची बोटं टोपीच्या कडेवर थरथरायला लागली होती. भावजय म्हणाली, "आमच्याकडे कावळा नाही आला तर दर्भाचा करतात." बाबांनी मान हलवली. भाऊ म्हणाला, "बाबा, निदान ज्यूस तरी." बाबांनी पुन्हा मान हलवली. हट्टी माणसाचा मला तिटकारा आहे. आमच्या घरात हट्ट सगळ्यांनाच वारशाने मिळालाय. मी चिडून बाहेर पडले आणि जिन्याच्या खिडकीतून मला तालुक्यातले सगळे कावळे दिसले.

ते स्वयंपाकघराच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे होते. मिठागराचा जुना बांध तिथे अजून शिल्लक होता आणि बेटावरचं सगळं उष्टं त्या बांधावर टाकत होते. नूडल्स, केकचे तुकडे, कापलेलं कलिंगड, फुगलेले पाव. समोरून अलोहा आणि मागून हा उकिरडा.

"आईचं पान उकिरड्यावर?" भाऊ म्हणाला. अख्ख्या आठवड्यात तो पहिल्यांदा काहीतरी बरोबर बोलला होता.

"कावला जिथं, पान तिथं," बाबा म्हणाले आणि उठले.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे पान घेऊन मी, मागे बाबांना धरून भाऊ, त्यामागे पाण्याचा तांब्या आणि वड्यांचा डबा घेऊन भावजय. बांधावर त्यातल्या त्यात स्वच्छ दगड बघून मी पान ठेवलं, पाणी फिरवलं. कावळे भिंतीवर ओळीने बसले होते, पोटभर. त्यांनी पानाकडे बघितलं आणि चोची पुसल्या.

कावळा शिवेना की काय करायचं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं. ते ओळखून शब्द द्यायचा. आधी भावजय पुढे झाली. "आई, तुमचं सगळं दरवर्षी नीट करू." कावळे ढिम्म. मग भाऊ. "आई, बाबांची औषधं, चेकअप, सगळं मी बघीन." एका कावळ्याने मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. भाऊ मुद्द्याला बगल देत होता आणि आई त्याला ओळखून होती, असं मला वाटलं. मला बरं वाटलं, हेही सांगते.

"बोल ना खरं," मी त्याला म्हणाले. तो मागे सरला. मग मीच हात जोडले. "आई, घर विकणार नाही. बाबा आपल्याच घरात राहतील. मी शब्द देते."

काही नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. भिंतीवरचे दोन कावळे उडून कलिंगडावर जाऊन बसले.

तेव्हा बाबांनी चपला काढल्या आणि पुढे झाले. ते आईला कधी नावाने हाक मारत नसत.

"आयक गो," ते म्हणाले. "मी त्या घरात राहत न्हाय आता. तू गेल्यापासून आत जेवलो न्हाय. ओट्यावर ताट घेऊन बसतो, रस्त्यानं कोन गेला तर हाक मारतो. कोन जात न्हाय. घर खायाला उठतं गो. मी पोराकडं जातो. ईकू दे त्याला घर. मी एकला न्हाय राहाचो. तू जेव आता."

भिंतीवरून एक कावळा उतरला, सगळ्यांत मरतुकडा. भाताकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. वडा चोचीत धरला आणि खाजणावरून उडून गेला.

भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला. भावजयीने डब्यातून वडा काढून बाबांना दिला. ते तिथेच बांधावर बसून खायला लागले, घाईघाईने, दोन्ही हातांनी. मी रडले नाही. मला राग आला होता. भावाचा नव्हे, त्याचा राग मी रोजच करते. आईचा आला. जिवंतपणी पोराची बाजू घेतलीस ती घेतलीस, मेल्यावरही त्याचीच?

बाबांनी वर बघितलं. "रागाव नको. तू येतीस गो आयतवारी," ते म्हणाले. "बाकीचे दिस?"

दर रविवारी मी जायची तेव्हा त्यांचं ताट ओट्यावर उपडं घातलेलं असायचं. मला वाटायचं, उन्हात वाळायला ठेवलंय. मी त्या बांधावर, रिसॉर्टच्या केकच्या आणि नूडल्सच्या वासात, तशीच उभी राहिले. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही. तरी सांगते, माझं माहेर त्या दिवशी एका मरतुकड्या कावळ्याने वड्यासकट उचलून नेलं.