जयपुरात पुन्हा पेटलेली शेगडी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होतो. "दिगंबर, जयपूरची सहल काढतेय. स्वयंपाक तुझ्याकडे."

वहिनी म्हणजे आमच्या सांगलीतल्या छोट्या सहल कंपनीच्या मालकीण. आमच्या सहलीबरोबर आचारी जातो, कारण चार दिवस बाहेरचं खाल्लं की आपल्या माणसांना वरण-भात आठवतो. महामारीत सहली थांबल्या. मोठे आचारी कारखान्याच्या कँटीनला लागले आणि त्यांच्या हाताखालचा मी या दुकानात. आता इतक्या काळानं पहिली सहल निघत होती. "ही फसली तर ऑफिसची जागा सोडून देणार आहे," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा मांडायचं बळ माझ्यात नाही."

शाळा दहावीनंतर सुटली, पण काळजी करायला मी कधी चुकत नाही. भाकरीचं पीठ, मसाले, पोळपाट, वर गॅसची नवी नळी आणि रेग्युलेटरसुद्धा बांधून घेतला. रेल्वेत सिलिंडर नेता येत नाही. तो हॉटेलचा वापरायचा, ही जुनी पद्धत.

पुण्याहून रेल्वेनं दुसऱ्या दिवशी जयपूरला पोचलो. थंडीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा, पेटीच्या तळाला नको. हॉटेल स्टेशनजवळच, आमचं नेहमीचं. काउंटरवर मात्र नवे मॅनेजर होते, शर्माजी.

"किचन? किचन तो कोरोना से बंद है जी."

वहिनींचा चेहरा उतरला. आधीचे मॅनेजर दर वेळी 'किचन आपका' म्हणायचे, म्हणून त्यांनी फोनवर फक्त खोल्या ठरवल्या होत्या. स्वयंपाकघराचं विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, आणि माझ्याही नाही. शर्माजींनी सांगितलं, हॉटेलला कुलूप लागलं तेव्हा आचारी आपापल्या गावी गेले. मुख्य आचारी गिरधारीजींनी जयपूरजवळच्या आपल्या गावी, चाकसूला, कचोरीचा गाडा टाकला. परत कुणीच आलं नाही. नाश्ता ढाब्यावरून येतो आणि मालक आता स्वयंपाकघराची पाहुण्यांसाठी खोलीच करणार आहेत.

सोफ्यावरून आमच्या मंडळींतले पाटील आबा ओरडले, "दिगंबरा, जयपूर दाखवाय आणलंस का उपास घडवाय?"

"आबा, गप्प बसा. पोराला विचार करू द्या," आपटे काकू म्हणाल्या. त्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ चुकून चालत नाही. वहिनी तर एका जागी उभ्या होत्या, हातात फोन, आणि फोन कुणाला करावा ते कळत नव्हतं.

मी शर्माजींना म्हटलं, "भैया, एक बार दिखा तो दो."

कुलूप तेल घातल्यावर उघडलं. ओट्यावर धूळ, तंदूरमध्ये कबुतराचं घरटं, पण शेगड्या चांगल्या होत्या. शर्माजींनी मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, वापरू द्या, पण जबाबदारी तुमची. शर्माजींनी भरलेला सिलिंडर मागवून माझ्यापुढे ठेवला. मी जुनी नळी काढली, नवी बसवली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते दोनदा पाहिलं. तोवर काकूंनी लॉबीत मटार सोलायची बैठक घातली आणि आबांच्या हातात कांदे दिले. "रडा आता मनसोक्त," त्या म्हणाल्या.

शेगडी निळी पेटली तेव्हा दारात उभ्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिठलं, भाकरी, मटारची उसळ, भात. वासानं वरच्या मजल्यावरचं बिकानेरचं कुटुंब खाली आलं. त्यांनाही वाढलं. शर्माजींनी पिठलं चाखलं आणि म्हणाले, "अरे, ये तो हमारे गट्टे की मौसी है!" गट्टे म्हणजे तिकडची बेसनाच्या वड्यांची भाजी.

दुसऱ्या दिवशी मंडळी आमेरला गेली. किल्ला सकाळी लवकर करा, उन्हात चढ जाणवतो. दोन-तीन ठिकाणं पाहायची असतील तर एकत्रित तिकीट परवडतं. हवामहलला मेट्रोनं बडी चौपडला उतरा, रिक्षाची घासाघीस वाचते. सांगानेरला कापडावर हातानं ठसे उमटवताना जरूर बघा. मी हवामहल भाजीच्या पिशव्या हातात घेऊन रस्त्यावरूनच पाहिला. तिथूनही छान दिसतो.

तिसऱ्या दिवशी आमटीला फोडणी देत होतो, तर मागून आवाज आला. "मेरी भट्टी किसने जलाई?"

पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. शर्माजींनी फोनवर सांगितल्यामुळे गिरधारीजी चाकसूहून बसनं आले होते. मी घाबरून बाजूला झालो. त्यांनी पळीभर आमटी तळहातावर घेतली, चाखली, आणि तंदूर झाडायला घेतला. घरटं रिकामं होतं, तरी त्यांनी ते उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं.

"चाकसू में धंधा ठीक है," चहा घेताना ते म्हणाले, "पर वहाँ उस्ताद कोई नहीं बुलाता." मग माझ्याकडे वळून, "सुबह कचोरी मैं बनाऊँगा. तू आराम कर, उस्ताद."

सकाळी त्यांच्या कचोऱ्यांवर आबांनी ताव मारला. मालक स्वतः येऊन जेवून गेले. खोली करायचा बेत तिथंच थांबला.

सांगलीला परतल्यावर आठवड्यातच मंडळींनी पुढची सहल विचारायला सुरुवात केली आणि वहिनींनी ऑफिसची जागा ठेवली. जयपुरातलं काय लक्षात राहिलं असं कुणी विचारलं तर मला किल्ले कमी आठवतात. बंद पडलेल्या जागेत पुन्हा फोडणीचा वास भरला, आणि त्यात माझा हात होता, हे आठवतं.

परवा मी ऑफिसात असताना पुढच्या जयपूर सहलीच्या खोल्यांसाठी शर्माजींचा फोन आला आणि वहिनींनी तो स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, गिरधारीजी कायमचे परत आलेत, आता स्वयंपाक हॉटेलच करेल, तुम्ही आचारी आणायची गरज नाही. आमच्या धंद्यात आचारी सामानाबरोबर जातो आणि रात्री स्वयंपाकघरातच अंथरूण टाकतो. त्याची गरज संपली की तो घरी.

वहिनी म्हणाल्या, "शर्माजी, हमारा उस्ताद तो आएगा. दोनों मिलकर पकाएँगे. और सुनिए, इस बार एक कमरा ज़्यादा लिखिए. दिगंबर के नाम से."