आकडा वाढला, तू जेवून घे

रक्ताचे नमुने आम्ही ठराविक वेळाने फेकून देतो. किस्से कुठे फेकायचे? लॅबमधले आम्ही चौघं चहाला बसलो की एकातून दुसरा निघतो, आणि चहा गार होतो!

आमचं हॉस्पिटल हिंगोलीत, हायवेला लागून. डोक्याला मार लागलेले पेशंट रोजचेच. मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजली की मार किती खोल, माणूस कितपत सावरेल, याचा अंदाज येतो. ही टेस्ट नवी आली तेव्हा पोराला घेऊन आलेल्या एका म्हातारबांनी माझा हात धरला. "मार डोक्याला, अन् रक्त हातातून काहून काढून राहिल्या, बाई?"

मी समजावलं. ते म्हणाले, "म्हंजे पोराचा मेंदू रक्तात वाहून चाललाय म्हणा की!"

*

कनेरगाव नाक्याजवळ एकाची मोटरसायकल उभ्या ट्रॉलीवर आदळली. मित्र त्याचं हेल्मेट छातीशी धरून आला. हेल्मेटला ओरखडा नाही.

"घातलं नव्हतं?"

"न्हाई न, मॅडम. हँडलला होतं. नवं हाय, खराब व्हईल म्हणे!"

*

बाळापूरकडचे दोन भाऊ. बांधावरून भांडण, धाकट्याच्या डोक्यात काठी. टेस्ट नॉर्मल आली. डॉक्टर खूश, "मेंदूला काही झालं नाही. घरी जा!"

धाकट्याचं तोंड उतरलं. "साहेब, जरा वाढवून लिहा न. एवढ्याशा मारावर कलम कोणतं लागंल?"

मागे उभा असलेला थोरला हसला. काठी मारणारा तोच, आणि गाडीवर बसवून आणणाराही तोच!

*

वसमतचं एक पोरगं बेशुद्ध होतं. त्याचा आकडा चढत चालला. या टेस्टमध्ये आकडा चढणं वाईट. पण डेंगीत प्लेटलेट वाढल्या की लोकांना हायसं वाटतं, तसंच त्याच्या मोठ्या भावाला वाटलं. लॅबच्या दारातूनच त्यानं घरी फोन लावला, "आई, आकडा वाढला! कालच्यापेक्षा लई वाढला! तू जेवून घे आता."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "आधी तिला जेवू दे."

*

एक शिक्षक सकाळी वारले. दुपारी त्यांच्या मोबाइलवर आमच्या कॉम्प्युटरचा मेसेज गेला, "आपला रिपोर्ट तयार आहे. लवकर बरे व्हा!"

मोबाइल त्यांच्या बायकोकडे होता. ती काउंटरवर आली आणि तिनं विचारलं, "रिपोर्ट कुठं भेटंल?"

*

आणि ही बाई. न्हाणीत पाय घसरून पडली, असं नवऱ्यानं सांगितलं. मी रक्त काढत होते, तसा तो जवळ सरकला.

"मॅडम, यातून सगळं कळतं म्हणतेत?"

"मेंदूला किती मार लागला, ते कळतं."

"अन् कशानं लागला, ते?"

"ते नाही कळत."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "चहा पिऊन येतो," म्हणाला आणि गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत बाई दाराकडे बघत राहिली. मग तिनं माझी बाही धरली.

"ताई, खरंच न्हाई कळत?"

"नाही गं."

हातावर दाबून धरलेला कापूस तिनं माझ्या हातात ठेवला.

"मंग काढलं कशाला?"