नामदेवाचे उसने वीर

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीमागे एका पत्र्याच्या शेडमध्ये नामदेव तामोरे याने वीसेक वर्षं लढाया केल्या. त्याच्या बाजूचा एकही माणूस दगावला नाही, कारण सगळे सिमेंटचे होते.

बाप मच्छीमार. नामदेवाला होडीत पाय ठेवताच ओकारी यायची, म्हणून तो गणपती करू लागला. पुढे १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली आणि गावोगावच्या मंडळींना आपापल्या गावचा वीर एकदम आठवला. मोठ्या योद्ध्यांचे पुतळे मोठ्या शहरांतले मोठे शिल्पकार करत. नामदेवाच्या वाट्याला येत ते बुरुजावर चढताना किंवा खाडीत लढताना पडलेले गावचे वीर; नाव सगळ्यांना पाठ, चेहरा कुणालाच ठाऊक नाही. "दिसायला कसा होता?" असं विचारलं की मंडळ एकमुखाने सांगे, "रुबाबदार."

तेव्हा चेहरे उसने आणणं आलं. पण जिवंत माणसाच्या प्रतिमेला हार घातलेला आपल्याकडे चालत नाही. त्यावर नामदेवाने एक युक्ती काढली होती: या गावचा चेहरा त्या गावात. सफाळ्याचा दूधवाला मासवणच्या बाजूला तलवार उपसून उभा होता, आणि मासवणचा पिठाच्या गिरणीवाला पालघरजवळ किल्ला सर करत होता. जिथे ओळखत कोणी नाही तिथे अशुभही लागत नाही, असं त्याचं शास्त्र.

त्र्याऐंशी साली तारापूरजवळच्या एका कोळीवाड्यातून काम आलं. वीर म्हणजे पोर्तुगिजांच्या तोफांखाली होडी घालणारा तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या, असं गाव सांगत होतं. अध्यक्षांनी बजावलं, "आमचा तांडेल आमच्यासारखाच दिसला पायजे. बाहेरचं तोंड नको." नामदेवाने नियम मोडला. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या चिंतूला त्याने पसंत केलं. चिंतूही येऊन ऐटीत बसला. घरी मात्र बोलला नाही.

चेहरा असा उतरला की नामदेव स्वतःच त्याच्याकडे बघत बसे. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं होतं.

पंधरा ऑगस्टच्या तोंडावर चिंतूची बायको जिवली बोईसरच्या बाजारात मासळी विकून परतताना शेडमध्ये डोकावली.

"ओ नामदेवभाऊ, ह्यो माजा माणूस हाय!"

"वयनी, ह्यो वीर हाय."

"वीर? घरात पाल दिसली तं खाटेवर चडतो!" ती हसली, आणि मग हसायची थांबली. "ह्याला हार घालनार?"

"पंदरा ऑगस्टला. मंग दरसाल."

जिवलीने टोपली खाली ठेवली. "नारळी पुनव झाली का ह्यो दर्यात जानार. आन तुमी हार घालून ठेवनार? तोंड फोडा. नायतं मी फोडते."

हार टाळता येईल का, हे विचारायला नामदेव मंडळाकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, "हार नाय तं उद्घाटनाला पावना काय हात हलवत येनार?" स्वतःचाच चेहरा लावावा, असा विचार नामदेवाने घरी बोलून दाखवला. त्याच्या बायकोने, मंदाने, हातातली पळी न ठेवताच सांगितलं, "लावून बगा."

हातोडा घेऊन तो पुतळ्यासमोर बसला, पण उचलवेना. शेवटी ओळख पुसायची म्हणून त्याने चेहऱ्यावर सिमेंटची मिशी चढवली. मिशीखाली ते तोंड नाटकातल्यासारखं दिसू लागलं, तेव्हा गालांवर सुरकुत्या कोरल्या. सुरकुत्यांना डोळे शोभेनात म्हणून ते खोल केले. मग चिंतू आणि जिवलीला बोलावलं.

चिंतूने पुढे होऊन पाहिलं. "ह्यो तं आमचा बा!"

चिंतूचा बाप काही वर्षांपूर्वी म्हातारपणाने, स्वतःच्या खाटेवर वारला होता. नामदेवाने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. जिवलीने तोवर हातोडा उचललाही होता. तिने वर पाहिलं, हातोडा सोडला आणि डोक्यावर पदर घेतला.

"ह्यांना हार चालंल," ती हळूच म्हणाली. "मिशी जरा वर करा. त्यांना तशी आवडायची."

पंधरा ऑगस्टला पाहुणे आले, दीर्घ भाषण झालं, हार पडला. नारळी पौर्णिमेनंतर चिंतू समुद्रात गेला आणि परत आला, नेहमीप्रमाणे कमी मासळी आणि जास्त गप्पा घेऊन.

काही महिन्यांनी नामदेव तिकडे गेला, तर पुतळ्यासमोर कोळणी मासळी विकायला बसू लागल्या होत्या; जिवली मात्र टोपली घेऊन पुतळ्याच्या पाठीमागे, गटाराकडेला बसलेली.

"वयनी, हितं कुटं बसल्या?"

"तितं बसून भाव कसा करू?" जिवली म्हणाली. "गिऱ्हाईकाला दोन शिव्या द्यायच्या तं सासरा समोर उबा!"