बुधाजींची शिवारफेरी

"हे आमचे व्याही," बिब्ब्याच्या झाडापाशी थांबून बुधाजी सांगतात. "दुरूनच नमस्कार करा. अंगाले अंग लावाल तं फोड येतीन. व्याह्याशी कसं, मान द्यायचा अन हातभर लांब राह्याचं."

पाहुणे हसतात आणि खरोखरच मागे सरकतात. मग तुरीची ओळ येते. "ही थोरली नणंद. पावसाच्या आरंभी माहेरी येते. मूग गेला, सोयाबीन गेलं, पन हे बाई अजून उभीच. जाचं नावच नाही घेत." कपाशी म्हणजे नाजूक सून, जरा वारं फिरलं की तिचं दुखणं सुरू. बांधावरच्या अंबाडीपाशी मात्र त्यांचा आवाज मऊ होतो. "ही मावशी. आंबट बोलते, कडेले उभी राह्यते, पंगतीत हिले कोनी पाट मांडत नाही. पन घरात भाजी नसली का हीच धावून येते. तुमच्या घरी हाये का वो अशी कोनी?"

एकदा एक आजीबाई पटकन म्हणाल्या, "मीच आहे ना!" आणि त्यांच्या सुनेला ठसका लागला.

बुधाजींची ही शिवारफेरी म्हणजे आमच्या शेताचा जीव. आमच्या म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या, गीतांजलीच्या. भातकुलीच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या शेतात तिने कृषी पर्यटन केंद्र काढलं. हिवाळ्यात हुरडा, बैलगाडी, निंबाला बांधलेला झोका, लगोरी, आणि दुपारी चुलीवरचं जेवण. सुट्टीच्या दिवशी मी अमरावतीहून जाते आणि चुलीकडची बाजू बघते.

बुधाजी त्याच गावचे. उंच, जरा वाकलेले, धुतलेला पांढरा शर्ट आणि खांद्यावर दुपट्टा. उमेदीची सगळी वर्षं अकोल्यात रोपवाटिकेत माळी म्हणून गेली. तिथून सुटल्यावर लेक संध्या म्हणाली, "बाबा, आता माझ्याजवळ राहा, बसून खा." ती अकोल्यातच शिक्षिका आहे. बुधाजी महिनाभर राहिले आणि परत आले. मला म्हणाले, "बाई, तिथं चवथ्या माळ्यावर कुंडीत एक तुयस. तिच्याशी किती बोलू? तेही कंटायली मले."

आवाज मात्र त्यांचा असा की विहिरीवर बोलले तर चुलीपाशी ऐकू यावं. या आवाजानेच घोटाळा केला.

आमची अडचण अशी होती की फेरी शेताच्या पार टोकाला, मचाणापाशी संपायची. तिथून पाहुणे पांगायचे. कोणी झोक्यावर, कोणी बैलांसोबत फोटो काढत, कोणी चिंचेखाली चक्क आडवे. इकडे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणकेचे रोडगे निघालेले. रोडगा गरम असताना फोडून त्यात तूप सोडलं तर अमृत, आणि गार झाला तर दगड. फोन करावा तर शेतात रेंज नाही. मी पदर खोचून बांधावर उभी राहून "चला होऽऽ" करायची, आणि माझा घसा बसायचा.

गीतांजलीला मग एक कल्पना सुचली. कुठल्याशा रिसॉर्टचा व्हिडिओ तिने पाहिला होता. त्यात धोतर-फेट्यातला एक माणूस गळ्यात डफडं अडकवून दवंडी देत होता, "ऐका हो ऐका, जेवण तयार आहे होऽ" आणि लोक हसत हसत धावत येत होते. तिने अमरावतीच्या बाजारातून डफडं आणलं, लाल फेटा आणला, आणि ते बुधाजींच्या हातात ठेवलं.

"काका, तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. आवाज पाहा ना तुमचा! जुनं गाव उभं राहील."

बुधाजींनी डफडं हातात घेतलं नाही. गीतांजलीने ते बाजेवर ठेवलं, तेव्हा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाहू." आणि दुपट्टा झटकून रोपांना पाणी द्यायला निघून गेले.

त्या रविवारी ते आले नाहीत. अंग दुखतंय, असा निरोप आला. फेरी गीतांजलीने घेतली. झाडांसमोर तिने पाट्या लावल्या आहेत, त्या ती वाचत गेली. तुरीपाशी पोचेपर्यंत निम्मे लोक मोबाईलवर स्वतःचे फोटो काढण्यात गुंतले होते. जेवण गार झालं ते झालंच.

संध्याकाळी डब्यात रोडगे, वांग्याची भाजी घेऊन आम्ही दोघी बुधाजींच्या घरी गेलो. अंगणात इंदूबाई, त्यांची बायको, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी बुधाजीही सोलत होते. चांगले ठणठणीत.

गीतांजली म्हणाली, "काका, बरं वाटतं का आता?"

"त्याईले काय धाड भरली?" इंदूबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "चारदा जेवून राहिले."

"इंदे," बुधाजी म्हणाले.

"इंदे काय? तुमाले सांगता येत नसन तं मी सांगतो." इंदूबाईंनी सूप बाजूला सरकवलं. "बाई, तुमी यायले डफडं देल्लं. काहून देल्लं?"

"आवाज मोठा म्हणून," गीतांजली गोंधळून म्हणाली. "खरंच, दुसरं काही नाही मनात."

"मनात नव्हतं हे माहीत हाये मले. म्हनून तं बसा म्हनतो. नाही तं दारातूनच वापस लावलं असतं." आणि त्यांनी आम्हाला चटई टाकली.

मग बुधाजी बोलले. शेंगा सोलता सोलताच, जसं फेरीत बोलतात तसंच, फक्त हळू.

"माह्या बापाकडे दवंडीचं काम व्हतं. गावकीचं. कोनाचं ढोर हरवलं, कोनाकडे जेवन हाये, साहेब येनार हाये, बाप डफडं घेऊन निघे. जेवनाची दवंडी साऱ्या गावाले द्यायची, अन आपन मागून ओट्याखाली भाकर घ्यायले उभं राह्याचं. सन छप्पनले ते नागपूरले जाऊन आले. आले तसे घरात गेले, डफडं काढलं अन नाल्यात टाकून देल्लं. गाव लय बिघडलं त्यायच्यावर. वावरात काम नाही, किराणा नाही. पन पुन्हा हात नाही लावला. मी त्याच्यानंतर जलमलो. बाप येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, ह्या माह्या पोरानं डफडं पाह्यलं बी नाही."

त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले.

"अन आता या वयात," ते हसले, "फेटा बांधून सांगू? ऐका हो ऐका?"

गीतांजलीचे डोळे भरून आले. "काका, मला सुचलंच नाही. मी ते परत करते उद्याच."

"परत नका करू, फेकू बी नका. तुमच्या घरची वस्तू हाये. मी फक्त वाजवनार नाही." मग ते म्हणाले, "संध्यानं फोन केला व्हता दुपारी. हे इंदू डफड्याचं बोलून बसली तिच्याजवळ. ते म्हणते, बाबा, सोडा ते काम, येत्या रविवारी मी न्यायले येतो. तिचं बी चूक नाही. पन मले सोडाचं नाही बाई. मले हे फेरी आवडते. लोक झाडाले आत्याबाई, मामाजी म्हनतात तं बरं वाटते जिवाले."

"मग सोडू नका ना," मी म्हटलं.

"सोडू नका म्हनायले काय जाते? रोडगे गार होऊन राहिले ते?" इंदूबाईंनी मला बरोबर जागेवर आणलं. चुलीवर काम करणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईचं दुखणं कळतं.

बुधाजींनी हातातली शेंग फोडली. "लोकाले जेवाले बोलवाचं तं हाये ना? पाहू द्या मले. नाही जमलं तं संध्यासंगं जातो. तुमाले बी अडचन नाही."

पुढच्या रविवारी सकाळी संध्या खरंच आली, पिशवी खांद्यावर, चेहरा कडक. माझ्याजवळ चुलीपाशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी बाबांना न्यायला आले आहे. हे नक्की." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

पाहुणे आले, अकोल्याच्या एका कॉलनीतली मंडळी. बुधाजींनी प्रत्येकाच्या हातात बांबूची लहान टोपली दिली आणि फेरी उलटीकडून, मचाणापासून सुरू केली. लांबून आवाज तेवढा येत होता. "ह्या मावशीचा पाला घ्या. कोवया घ्या, शेंड्याचा. मावशी रागावत नाही, खुडलं का अजून फुटते." पुढे वांगी, मिरच्या, भेदरं म्हणजे टमाटर, आणि सांभार. पुण्याहून आलेले एक जावईबापू इडलीसोबतचा सांबार शोधायला लागले, तेव्हा सासूबाईंनीच त्यांच्या टोपलीत कोथिंबीर टाकली. तुरीच्या शेंगा तोडताना बुधाजी म्हणाले, "नणंदेच्या ओटीतून घेऊन राहिलो, हयूच."

मी रोडगे निखाऱ्यात ठेवले आणि वाट पाहू लागले. गीतांजली बांधाकडे चकरा मारत होती. संध्याची मानही त्याच दिशेला होती. तेवढ्यात फेरीतला आवाज थांबला. झालं, पांगले, असं मला वाटलं.

आणि चिंचेच्या वळणावरून सगळी वरात आली. प्रत्येकाची टोपली पोटाशी धरलेली, घरून वाण घेऊन निघाल्यासारखी. "माझी अंबाडी वेगळी शिजवा हं!" "ह्या मिरच्या मी तोडल्यात, ठेच्यात याच टाका." ज्याने स्वतःच्या हाताने भाजी खुडली, तो ती शिजताना बघितल्याशिवाय हलत नाही. माणसं चुलीभोवती दाटली, कोणी लसूण सोलायला बसलं, कोणी शेंगांतले सोले, म्हणजे ओले दाणे, काढायला. रोडगे निघाले तेव्हा ताटं घेऊन सगळे समोरच होते. हाक मारायला कोणी उरलंच नव्हतं.

बुधाजी हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "बाई, भुकेल्याले दवंडी कायले लागते?"

मग जेवणं झाली, आणि लगोरीच्या ठिकऱ्या शोधायला कोठीत गेलेले एक गृहस्थ डफडं घेऊन बाहेर आले. गीतांजलीने ते तिथे खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. त्यांनी हौसेने दोन थापा मारल्या, आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. गीतांजली अर्धी उठली. संध्या पूर्ण उठली.

"काका, तुम्हीच वाजवा," ते गृहस्थ म्हणाले. "तुमच्या वयाच्या लोकांना येतच असेल."

"नाही येत, साहेब," बुधाजी म्हणाले. त्यांची वाकलेली पाठ जरा सरळ झाल्यासारखी वाटली. लोक एखादी पदवी सांगतात, त्या सुरात त्यांनी पुन्हा सांगितलं, "मले बिलकुल येत नाही. आमच्या बापानं लय मेहनत घेतली त्याच्यासाठी."

गृहस्थांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी "असं का," म्हणत डफडं बाजूला ठेवलं.

संध्या जागेवर बसली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून रिकामा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "मावशी, अंबाडीची भाजी उरली असेल तर द्या. पाचच्या गाडीने जाते." मग बापाकडे पाहून म्हणाली, "एकटीच."

"बस जराशी," बुधाजी म्हणाले, आणि एक टोपली उचलून तिच्यासाठी ताजा पाला आणायला बांधाकडे गेले.