झाकलेली भाकर

लोणीहून लग्न होऊन ओतूरला आले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी शांतवनरावांना प्रथम पाहिलं. आमच्या छोट्या चर्चचे ते पाळक. प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर वाटण्याआधी, ते गप्प उभे राहत. भाकरीवर पांढरा रुमाल. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्याने उठून मिटवून यावं, तोवर रुमाल उघडायचा नाही, ही त्यांची रीत. मला वाटलं, साहेब पुढचं विसरले. आमचे हे कानात म्हणाले, "घाई करू नको, अजून सासूबाई उठायच्यात."

एकदा साहेब स्वतःच खाली उतरले. घंटा वाजवणाऱ्या दगडूभाऊंना सकाळी सर्वांदेखत बोलले होते, म्हणून सर्वांदेखतच माफी मागितली. दगडूभाऊ म्हणाले, "राहू द्या साहेब, लोकास्नी भुका लागल्यात."

आज पाळकसाहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची प्रवचनं इतर लिहितील. मी माझ्यापुरतं लिहिते.

आमचे हे मोटारसायकलच्या अपघातात गेले, तेव्हा मागे मी बसले होते. टोमॅटोची पिकअप मागून नीट स्वतःच्या बाजूने येत होती. यांनीच मागे न बघता गाडी वळवली. पोलिसांत माझा जबाब व्हायचा होता. दीर म्हणाले, "वहिनी, पिकअपवाला लई जोरात व्हता, एवढंच सांगा."

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, तुम्हीच सांगा काय करू.

"मी सांगितलं तर जबाब माझा होईल, बाई. देवाने तुम्हाला विवेकभाव दिलाय, बरं-वाईट सांगणारा आतला आवाज, तो काय शोभेला? फक्त रागात असताना त्याला विचारू नका. राग हुबेहूब त्याच्यासारखा बोलतो."

मग चहा ठेवायला उठले. 

त्या रविवारी भाकर झाकलेली असताना मी उठले. दिरांना बाहेर बोलावलं.

"भाऊजी, मी पाहिलं तेच सांगणार."

"मेलेल्या माणसावर टाकताय व्हय?"

"त्यांच्यावर टाकत नाही. जिवंतावरचं काढतेय."

 दीर चपला काढून माझ्याआधी आत गेले. साहेब तसेच उभे होते. आम्ही बसल्यावर त्यांनी रुमाल उचलला.

यांची बाकावरची जागा मला अजून रिकामी दिसते. साहेबांचे गुडघे आता दुखतात, खुर्ची दिली तरी भाकर झाकलेली असेपर्यंत ते बसत नाहीत. देवाने त्यांना भरपूर आयुष्य आणि पायांत बळ द्यावं. आमच्यापैकी कोणाला ना कोणाला उठायला अजून वेळ लागणार आहे.