कोपर कोणाच्या कपड्यावर झोपला

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहवलं नाही की पोटात दुखतं, असं आपल्याकडे म्हणतात. साठी ओलांडेपर्यंत मला ही नुसती म्हणायची गोष्ट वाटायची. मग एका तीन पायांच्या कुत्र्यापायी माझ्या खरोखरच पोटात दुखायला लागलं. बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला. बायको म्हणाली, गॅस झाला असेल, ओवा खा. मी ओवा खाल्ला, पण ते ओव्याने जाणारं दुखणं नव्हतं.

बाळकुमच्या पुढे, नव्या टॉवरांच्या मागे, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला प्राण्यांचं एक शेल्टर आहे. निवृत्त झाल्यावर मी तिथे जायला लागलो, आणि त्यात भूतदयेचा भाग थोडाच होता. डोंबिवलीत कोपर स्टेशनजवळ आमची दोन खोल्यांची जागा. "अहो, स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे फिरू नका. कुठेतरी जा, पण जेवायच्या वेळेपर्यंत येऊ नका," असं बायकोने सांगितलं. शेजारच्या बाईंनी शेल्टरचा पत्ता दिला आणि मी गेलो.

तिथली एक पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली. जनावर जिथे सापडलं, तेच त्याचं नाव. वीटभट्टीवरून सोडवून आणलेल्या गाढवाचं नाव टिटवाळा. टेम्पोतून रस्त्यावर पडलेली आणि मरायची विसरलेली कोंबडी म्हणजे माजिवडा. औषधांच्या फ्रिजवर दिवसभर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे तुच्छतेने बघणारी मांजर म्हणजे कळवा. "टिटवाळ्याला कोबीचा पाला घातला का?" आणि "माजिवडा परत ऑफिसात शिरलीय" असली वाक्यं तिथे सगळे न हसता बोलतात.

सकाळी पिंजरे धुवायचे, फिनेल मारायचं, मोठ्या टोपात भात शिजायला लावायचा. त्यात हळद आणि कोंबडीच्या माना. भात निवेपर्यंत कानांतल्या गोचिड्या काढायच्या आणि गोळ्या पावात दडवून द्यायच्या. निम्मी कुत्री पाव खाऊन गोळी तेवढी बाहेर थुंकतात. शेल्टर चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या मला काका म्हणतात आणि नोकरासारखं राबवतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मग कोपर आला. आमच्याच स्टेशनापाशी, रुळांच्या कडेला सापडला होता, मागचा एक पाय चिरडलेला. पाय काढावा लागला. ऑपरेशननंतर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. खायचा नाही, भुंकायचा नाही, कोणी आत गेलं तर नुसता अंग आक्रसून घ्यायचा. नाव कोपर, आणि राहणारा मी कोपरचा. गाववाला म्हणून मी त्याच्या पिंजऱ्याची जबाबदारी घेतली.

कुत्र्याला जबरदस्ती चालत नाही, एवढं मी तोपर्यंत शिकलो होतो. मी त्याच्या पिंजऱ्यात पाट टाकून, त्याच्याकडे पाठ करून बसायचो आणि पेपर मोठ्याने वाचायचो. अग्रलेख त्याला रुचला नाही. राशिभविष्यावर कान हलला. पण जाहीर सूचना वाचायला घेतल्या, 'तमाम जनतेस कळविण्यात येते की' वगैरे, की मागून नखांचा आवाज यायचा. बरेच दिवस असे गेले. एका सकाळी पाणीकपातीची बातमी वाचताना माझ्या कोपरापाशी काहीतरी ओलं लागलं. नाक होतं त्याचं. मी न वळता भाताचा गोळा मागे धरला आणि त्याने तो खाल्ला.

त्यानंतर तो माझाच झाला. माझ्या चपलांचा आवाज ओळखायचा. मी फाटकातून आलो की तीन पायांवर असा काही नाचायचा की पडायचा, आणि पडूनही शेपूट हलवत राहायचा. दुसऱ्या कोणाच्या हातून खायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "काका, याला सवय लावून ठेवलीत तुम्ही." मी वरवर ओशाळायचो आणि आतून फुगायचो. नोकरीत एवढी वर्षं काढली, पण मी आलो म्हणून कोणी पडेपर्यंत नाचलेलं मला आठवत नाही.

अशा सुखात असताना एक काळी मोठी गाडी फाटकाशी उभी राहिली. तिच्यातून चाळिशीचा एक गडी उतरला. पांढरी पँट, गळ्यात चेन. बाळकुमचाच, मूळ गावकरी, आगरी. बापजाद्यांनी मिठागरात काम केलेलं. आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. त्याच्या हातात कागदाची पुडी होती.

"काका, कवा आयलास?" त्याने मला विचारलं. पहिल्याच भेटीत. आगरी बोलीत बापालाही अरे-तुरेच करतात, त्यात अनादर नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते मला झोंबलं.

तो थेट कोपरच्या पिंजऱ्यात गेला आणि पांढऱ्या पँटीसकट ओल्या फरशीवर फतकल मारून बसला. "ये रं बाला," म्हणाला. आणि कोपर गेला! ना वाचन, ना पाठ फिरवणं. सरळ जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पुडीतलं काहीतरी खायला लागला. मी बाहेर फिनेलची बादली घेऊन उभा होतो. माझं पोट पहिल्यांदा दुखलं ते त्या वेळी.

मग तो रोज यायला लागला. कोपरला गाडीचा आवाज कळायला लागला. मी वाचत असलो आणि लांबून ती गाडी वाजली की त्याचे कान त्या दिशेला. माझ्या जाहीर सूचना अर्ध्यावर सोडून तो जाळीशी जाऊन उभा राहायचा. मी घरी येऊन जळफळायचो. "पुडीत सुकट असणार," मी बायकोला सांगायचो. "दुसरं काय असणार? सुकट म्हटल्यावर कुत्रं फितणारच. ही लाच झाली."

"मग तुम्ही पण न्या," ती म्हणायची.

"आपल्या घरात सुकट?" आम्ही देशावरचे. मटण चालतं, पण सुक्या मासळीचा वास नुसता जिन्यात आला तरी बायको उदबत्ती लावते.

शेवटी तीच वैतागली. "त्या कुत्र्यासाठी एवढं झुरताय, तर घेऊन या घरी. निदान घरात तरी माझ्या मागे फिरणार नाही तुम्ही." इतक्या वर्षांच्या संसारात तिने दिलेली ही सगळ्यात मोठी भेट. दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ धावतच शेल्टर गाठलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं की कोपरला मी नेतो.

त्या म्हणाल्या, "काका, कालच त्यांनीही विचारलंय."

त्यांनी म्हणजे कोणी, हे विचारायची गरज नव्हती.

शेल्टरची याबाबतही एक रीत आहे. ज्याला जनावर न्यायचं आहे, त्याने अंगावर वापरलेला, न धुतलेला एक कपडा आणून द्यायचा. तो पिंजऱ्यात ठेवतात. जनावर त्या कपड्यावर आपणहून झोपायला लागलं, की ते त्या घरी जायला तयार झालं असं समजतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचेही कपडे ठेवू. आठवडाभर बघू. कोपरच काय ते ठरवेल."

मी घरात घालायचा सदरा दिला. त्याने पंचा दिला. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात सदरा, दुसऱ्यात पंचा. पहिल्या सकाळी जाऊन बघतो तर कोपर पंच्यावर. दुसऱ्या सकाळी पंच्यावर. तिसऱ्या सकाळी पंच्यावर तर होताच, शिवाय माझा सदरा पाण्याच्या भांड्यात बुडवलेला.

त्या दिवशी घरी जाताना मी कळव्याला उतरलो, बाजारात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सुका जवळा विकत घेतला. कोळणीने विचारलं, "चटनी करनार का वांग्यात घालनार?" मी म्हटलं, "सदऱ्यात." तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पुडी बांधून दिली. घरी मी दुसरा एक सदरा त्या जवळ्यात घोळवला, पिशवीत घालून पिशवी बाल्कनीत टांगली. बायकोने उदबत्तीचा अख्खा पुडा संपवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मला पर्वा नव्हती. शेरास सव्वाशेर, असं मी मनात म्हणत होतो.

सदरा मी स्वतः पिंजऱ्यात ठेवला. दुसऱ्या सकाळी मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई, बाळकुमवाला आणि झाडूवाल्या मावशी असे सगळे कोपरच्या पिंजऱ्यापाशी उभे होते. आत माझ्या सदऱ्याच्या चिंध्या झाल्या होत्या. चिंध्यांवर कळवा लोळत होती. आजवर मला काडीचीही किंमत न देणारी ती मांजर जाळीतून आत शिरून माझ्या कॉलरीवर गाल घासत होती. माजिवडा एक बाही टोचत होती. आणि कोपर या गडबडीपासून लांब, पंच्यावर, गाढ झोपलेला.

डॉक्टरीणबाईंनी एक चिंधी चिमटीत धरून नाकाशी नेली. "काका, याला जवळा लावलाय?"

मी चिडलो. हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, मग बोलूनच टाकलं. "यांनी रोज सुकट चारलेली चालते, पंच्याला सुकटीचा वास असलेला चालतो. मग माझा सदरा का नाही?"

बाळकुमवाला हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याला नवलच वाटलं. "सुकट? मी कवा सुकट आनली रं काका? बापाला बीपी हाय. दोन वर्सं झाली, आमचे घरान सुकट बंदच हाय." आणि त्याने खिशातली पुडी उघडून माझ्यापुढे धरली. तिच्यात उकडलेलं अंडं होतं, चार तुकडे केलेलं. आमच्या घरीही असतं तसलंच, अगदी साधं.

मी पंचा उचलून वास घेतला. साबणाचा, घामाचा आणि थोडा तंबाखूचा. माशाचं नामोनिशाण नाही. ती लाच नव्हती. कोपरला तो माणूस नुसता आवडत होता. लाच असती तर मी आणखी मोठी दिली असती. यावर मात्र माझ्यापाशी काही इलाज नव्हता. पोटातलं दुखणं त्या दिवशी छातीपर्यंत चढलं.

आठवड्याअखेरीस कोपर काळ्या गाडीत बसून गेला. मागच्या सीटवर पंचा अंथरलेला होता. खिडकीतून त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, पण खरं सांगायचं तर तो गाढवाकडे बघत असावा, कारण टिटवाळा माझ्या मागेच उभा होता. मी रिकामा पिंजरा धुतला. जरा जास्तच घासला.

त्यानंतर मी कोपरची चौकशी केली नाही. तो सुखात असेल, मोठ्या अंगणात लोळत असेल, अंडी खात असेल, हे मला ऐकायचंच नव्हतं. कोणी सांगायला लागलं की मी टिटवाळ्याचा पाला निवडायला जायचो.

पण काही दिवसांनी तीच गाडी फाटकाशी आली आणि तो एकटाच उतरला. दाढी वाढलेली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, त्यो खात नाय," तो म्हणाला. "भितीकडे तोंड करून बसतंय. अंडं नाय, चिकन नाय. घरान आला आनी बंदच झाला. डॉक्टरीन बोलली, काकाला विचार. तू काय करतंस त्याला?"

मी म्हटलं, "मी पेपर वाचतो."

"मना माहीत हाय. मी पन वाचला. मोबाइलवरशी वाचला, पेपर आनून वाचला. ढुंकून नाय बगत." हे सांगताना त्याने नजर दुसरीकडे वळवली.

मी त्याच्या गाडीत बसलो. त्याचं घर टॉवरांच्या मधोमध, एकमजली, पुढे अंगण. ओटीच्या कोपऱ्यात कोपर भिंतीकडे तोंड करून बसलेला, बरगड्या दिसायला लागलेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वाटून गेलं, ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळलंच असेल.

पाट मागितला, कोपरकडे पाठ करून बसलो, पिशवीतून पेपर काढला. "तमाम जनतेस कळविण्यात येते की," मी सुरू केलं. दुरुस्तीच्या कामामुळे शुक्रवारी पाणी येणार नव्हतं. त्याबद्दलचं सगळं वाचलं. मागून नखांचा आवाज आला, आणि मग कोपरापाशी ओलं नाक. शेजारच्या ताटलीतलं अंडं तळहातावर घेऊन मी मागे न वळता हात पसरला. अंड्याचा तुकडा तळहातावरून गेला, मग दुसरा गेला.

तेव्हा मी मान वर केली. घराचा मालक दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याचा कुत्रा खात होता, तरी त्याचा चेहरा आनंदी नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, आणि एक हात बरगडीच्या खाली, डाव्या बाजूला नकळत दाबून धरलेला.

"रोज येशील का रं, काका?" त्याने विचारलं. विचारताना त्याला किती जड गेलं, ते माझ्याइतकं कोणालाच कळलं नसतं.

"बघू," मी म्हटलं. पान उलटलं, आणि पुढची सूचना जरा आणखी मोठ्याने वाचायला घेतली.